आखाडात माहेरी गेली ती

गाव आमचं पाटण तालुक्यातलं, पण मी तुर्भ्यात जन्मलो, तुर्भ्यातच वाढलो, गावाला जायचं ते जत्रेला आणि कुणी गेलं तर दहाव्याला. वडील मार्केटात माथाडी होते, कांदा-बटाट्याच्या गोण्या पाठीवर वाहायचे, घरी आले की आई पहिलं त्यांच्या मानेला तेल चोळायची आणि मंगच ताट वाढायची. ते गेले त्याला पाच वर्षं झाली. मी एकटाच मुलगा, अमोल. घरात मी आणि आई, दोन खोल्या, आणि भिंतीला भिंत लावून सुमनमावशी, त्या खटावकडच्या, मला अंगाखांद्यावर खेळवलंय त्यांनी. हे मावशींचं आत्ताच सांगून ठेवतो ताई, कारण पुढं त्यांचा मोठा विषय आहे.

मी कामाला जासईला, कंटेनर यार्डात. गेटवर असतो. ट्रेलर आला की कंटेनरचा नंबर बघायचा, कागदावरच्या नंबराशी जुळवायचा, पत्रा कुठं चेपलाय का बघायचं, मंग मागच्या दाराचं सील बघायचं. सील म्हंजे लोखंडी खिट्टीच असते, एकदा लागली की तोडल्याशिवाय निघत नाय, आणि तिच्यावर पण नंबर असतो. एक आकडा जरी इकडचा तिकडं झाला तरी आमी ट्रेलर बाजूला घ्यायला लावतो, मंग ड्रायव्हर आधी शिव्या देतो, नंतर गयावया करतो, साहेब एका आकड्यानं काय होतंय. मी म्हणायचो, कागद जुळत नाय तर माल हलत नाय. सात वर्षं हेच म्हणत आलो. तेच वाक्य पुढं माझ्यावर उलटलं, काय सांगू तुमाला.

शीतल दिघ्याची. तिचे वडील तिकडंच एका कंपनीत फिटर, मूळ कराडकडचे. ती नर्स आहे. आमी बघायला गेलो तर कॉटवर जर्मन भाषेची पुस्तकं पडलेली, आणि ती सगळ्यांसमोर सरळ बोलली, मी वर्षभर ही भाषा शिकतेय, परीक्षा झाली की तिकडच्या हॉस्पिटलात नोकरीला जाणार, नवऱ्याला मागून नेता येतं, ज्याला चालणार नसेल त्यानं आत्ताच सांगावं. तिचे वडील छताच्या पंख्याकडं बघायला लागले. मी तिथल्या तिथं हो बोललो. विचार केलाच नाय, खरं सांगतो, तिची ती बोलायची तऱ्हा बघूनच हो बोललो. आईला वाटलं, जाणार म्हंजे बदलीवर गेल्यासारखं जाईल आणि येईल.

लग्न झालं ज्येष्ठात. वीस-एकवीस दिवस ती आमच्याकडं तुर्भ्याला राहिली, आणि लागला आखाड. आषाढाला आमी आखाड म्हणतो. आता आमच्यात काय असतं, नव्या नवरीनं पहिल्या आखाडात सासरी राहायचं नाय. माहेरी जायचं, महिनाभर नवऱ्याचं तोंड बघायचं नाय, आणि सासूसुनांनी तर अजिबात एकमेकींसमोर यायचं नाय. आई या बाबतीत लय कडक. तिच्या नात्यात कुणीतरी हे मोडलं आणि त्या घरात वर्षाच्या आत वाईट झालं, असं ती देवासमोर हात ठेवून सांगते. मंग काय, शीतलची बॅग भरली, तिचा भाऊ रिक्षा घेऊन आला, आणि ती दिघ्याला गेली. तुर्भे ते दिघा, ताई, लांब पण नाय. तेवढ्याच अंतरात आमची पहिली ताटातूट.

पण मी गेलो. आता सांगायला हरकत नाय, सगळ्यांना कळलंच आहे. दर रविवारी आईला सांगायचो डबल ड्युटी आहे, आणि जायचो ऐरोलीला. तिच्या घरी जाता येत नव्हतं, तिची आई पण तशीच कडक. मंग स्टेशनच्या बाहेर एक भुट्टेवाला असायचा, त्याच्या प्लास्टिकखाली आमी दोघं उभे राहायचो, एकेक कणीस भाजून घ्यायचो, वर लिंबू आणि मीठ-तिखट. असे चार रविवार. ती मला सांगायची तिकडं गेल्यावर काय काय करायचं, मी नुसतं ऐकायचो. फोटो काढायचो आणि घरी जायच्या आधी सगळे डिलीट करायचो, कारण आई माझ्याच फोनवर मामाशी बोलते, तिच्या हाताला गॅलरी लागली तर काय. स्वतःच्या बायकोचे फोटो मी चोरासारखे पुसत होतो, आणि तेव्हा मला त्याचं हसू यायचं.

आणि त्या आखाडातच तिचं सगळं एकदम ठरलं, परीक्षा झालेलीच होती, नोकरीचं पत्र आलं, व्हिसा आला, तिकीट निघालं, ते पण महिना संपायच्या चार-पाच दिवस आधीचं. मी आईला बोललो, आता काय करायचं. आई बोलली, तिला आयच्या घरूनच जाऊ दे, तू दारातून हात दाखवून ये, मी येत न्हाय. तिनं शेंगदाण्याची चटणी कुटली, डब्यात भरली, डब्याला चार पदरी कापड बांधलं आणि माझ्या हातात दिला. आई नाय आली. विमानतळावर शीतलचे आईवडील, भाऊ, सगळे, आणि मी बाजूला पाहुण्यासारखा उभा. तिनं गेटमधून मागं वळून बघितलं, मी हात वर केला, झालं. आखाड संपल्यावर ती नांदायला परत येणार होती आमच्याकडं. ती आलीच नाय, ती जर्मनीत होती.

तेव्हापासून ही भीती, ताई. आधी बारीक बारीक होती. तिचा फोन संध्याकाळी यायचा, मी जासईहून बसनं येत असायचो, आणि पाच मिनिटं उशीर झाला तरी मी काय काय डोक्यात आणायचो. ती आजारी असेल. ती रडत असेल. मंग पुढं उलटं सुरू झालं, ती हसत असली की भीती. बोलायची, आज मैत्रिणींबरोबर तळ्यावर गेलेलो, मजा आली. मी बोलायचो छान, आणि आतून वाटायचं, हिला माझ्याशिवाय मजा येते. हे कुणाला सांगता पण येत नाय, पुरुषासारखा पुरुष आणि असलं काय बोलतो म्हणतील. यार्डात मी नंबर लिहीत असायचो आणि समोरचा कंटेनर चार दिवसांनी बोटीवर चढणार, महिन्याभरात तिकडच्या बंदरात उतरणार, आणि मी इथंच. कंटेनरचा पण हेवा वाटायचा, एवढा वेडा झालेलो.

तिनं तिकडं दोन खोल्यांचं घर घेतलं भाड्यानं. नवऱ्याला आणायचं तर जागा पुरेशी आहे हे दाखवावं लागतं. आणि त्यांच्यात दारावर घंटीजवळ आणि टपालाच्या पेटीवर नाव लावतात, नाव नसलं तर टपाल पण टाकत नायत. तर तिनं माझं नाव लावलं. तिचं वर, माझं खाली. व्हिडिओवर दाखवलं मला, अमोल, बघ, तुझं टपाल यायला लागलं तर घेऊन ठेवीन. मला इतकं बरं वाटलं. आणि दुसऱ्याच दिवसापासून नवीन भीती, की किती दिवस ठेवेल ही ते नाव. एक दिवस काढलं तर मला सांगेल का. विचारायची हिंमत नव्हती.

मंग ती जाऊन सव्वा वर्ष झाल्यावर माझा व्हिसाचा अर्ज भरला. तिनं तिकडून तिचे कागद दिले, मी इकडून माझे. वाशीला एक जण फॉर्म भरून देतो, तो विचारत गेला आणि मी सांगत गेलो. लग्नापासून पत्नी परदेशी जाईपर्यंत दोघं कुठं राहत होतात? मी बोललो, आमच्या घरी, तुर्भ्याला, एकत्र. खोटं बोललो नाय ताई, देवाशपथ. माझ्या डोक्यात तो महिना आलाच नाय. आखाडाला आमच्यात कुणी वेगळं राहणं धरतच नाय, ती सासरचीच असते, फक्त माहेरी गेलेली असते. आणि शीतलनं तिकडं तोच प्रश्न आला तेव्हा नर्ससारखं तारीखवार लिहिलं, अमुक तारखेपर्यंत तुर्भे, अमुक तारखेपासून दिघा, आईच्या घरी. दोघांनी एकमेकांना विचारलं नाय. जो माणूस दिवसभर दुसऱ्यांचे कागद जुळवतो त्यानं स्वतःच्या बायकोचा कागद बघितला नाय.

ते व्हिसावाले कधीकधी चौकशीला माणूस पाठवतात, लग्न खरं आहे का बघायला. आमच्याकडं पाठवला. सकाळी अकराचा सुमार, मी कामावर, आई मिरची कांडून आणायला डंकावर गेलेली. दाराला कुलूप. म्हणून त्यानं शेजारचं दार वाजवलं, आणि दार उघडलं सुमनमावशींनी. आता आमच्या वस्तीत हातात फाइल घेऊन अनोळखी माणूस आला की बायका आधीच घाबरतात, कोर्टाचा आहे का, बँकेचा आहे का. मावशींना वाटलं काहीतरी बालंट आलंय, अमोलला सांभाळून घ्यायला पायजे. त्यानं विचारलं, यांची सून इथं राहते का. मावशी बोलल्या, न्हाय बाबा. लग्न झालं, वीस दिस ऱ्हायली, आखाड लागला तशी माहेरी गेली, ती काय परत आली न्हाय नांदायला. आणि वर माझ्या भल्यासाठी जोडलं, पोरगा सोन्यासारखा हाय, भांडणतंटा कवा ऐकला न्हाय, आता पोरगीच ऱ्हायली न्हाय त्याला तो काय करणार.

एकेक शब्द खरा, ताई. त्यानं लिहून घेतलं, पाणी प्याला आणि गेला. मावशींनी संध्याकाळी मला मोठ्या खुशीत सांगितलं, तुझं नाव मी चांगलं काढलंय बरं का. मी बूट पण काढले नव्हते. मी तसाच उंबऱ्यावर बसलो.

पंधरा दिवसांनी मेल आला. फॉर्ममध्ये आणि चौकशीत फरक दिसतो, दोघांच्या माहितीत फरक दिसतो, पत्नी लग्नानंतर सासरी नांदत नव्हती असं दिसतं, चार आठवड्यांत खुलासा करा, नायतर आहे त्या कागदांवर निर्णय होईल. मी तो मेल गेटवर उभ्या उभ्या वाचला, समोर ट्रेलर हॉर्न मारतोय आणि मला नंबर दिसेना. शीतलला फोन लावला. तिनं मेल दोनदा वाचायला लावला. मंग हळू आवाजात बोलली, अमोल, हे नाय म्हणाले तर मला काही सुचणार नाय रे, मी इथं एकटी नाय राहू शकत, मी परत येईन. एवढं शिकून, एवढं करून ती परत येईन म्हणते. आणि मला काय वाटलं सांगू, मला क्षणभर बरं वाटलं. मंग स्वतःची लाज वाटली. आणि मंग परत भीती, ही परत आली तर आयुष्यभर माझ्याकडं कशी बघेल.

खुलासा काय देणार. आमी नवराबायको आहोत, महिनाभर वेगळे होतो पण वेगळे नव्हतो, भेटत होतो, हे कसं दाखवणार. फोटो सगळे मीच पुसलेले. एकच राहिलेला, तिनं तेव्हाच्या तेव्हा तिच्या हॉस्पिटलातल्या मैत्रिणीला पाठवलेला, त्यात मी कणीस खातोय, तोंड उघडं, ती छत्री धरून हसतेय, मागं ऐरोलीची पाटी. तो मिळाला, तारखेसकट. पण फॉर्म भरणारा बोलला, नुसत्या फोटोनं भागणार नाय, घरातल्या मोठ्या माणसाचं लेखी पायजे, ही रीत काय आहे आणि सून कुणी पाठवली. मोठं माणूस म्हंजे आई. आणि आईला तो फोटो दाखवायचा म्हंजे आखाड मोडल्याचं सांगायचं.

दोन दिवस मी घरात फिरत होतो नुसता. तिसऱ्या दिवशी तिच्यासमोर बसलो, ती लसूण सोलत होती, आणि सांगून टाकलं, आई, मी त्या आखाडात शीतलला भेटायला जायचो. तिनं मान वर पण केली नाय. बोलली, ठावं हाय मला. दर सोमवारी तुझा शर्ट धुताना बाहीला मीठ-तिखटाचा डाग असायचा, लिंबानं फिका पडलेला. डबल ड्युटीला यार्डात कणसं वाटत्यात का?

पावणेदोन वर्षं तिला माहीत होतं. मी बोललो, मंग तू बोलली का नायस. तर म्हणते, बोलले असते तर थांबवायला लागलं असतं. मंग लसूण बाजूला सारून तिनं डोळ्याला पदर लावला आणि बोलली, तू तरी बघितलंस तिला. माझ्या दारातनं पोरगी सातासमुद्रापार गेली आणि मी तोंड फिरवून घरात बसले, का तर आखाड हाय.

लेखी तिनं स्वतः सांगितलं, मी लिहीत गेलो. मी सासू. आखाडात नव्या सुनेनं माहेरी जायचं ही आमची रीत, दोन्ही घरांनी पाळलेली. तिला मी पाठवली, ती आपणहून गेली न्हाय, तिला कुणी टाकली न्हाय. ती परत यायच्या आत तुमच्याच देशाची नोकरी आली म्हणून ती आली न्हाय. यात चूक असली तर ती माझी धरा, पोरांची धरू नका. खाली सही केली, चौथीपर्यंत शिकलीय, एकेक अक्षर सुटं काढते. सुमनमावशी पण आल्या, रडून रडून डोळे लाल, मी तुझं वाटोळं केलं रे अमोल, असं म्हणत. त्यांनी पण लिहून दिलं की मी बोलले ते आखाडाचं बोलले, सोडचिठ्ठीचं न्हाय. वाशीला भाषांतर करणारी मुलगी होती, शहरातली, तिनं दोनदा विचारलं, काका, पण महिनाभर तोंड का नाय बघायचं? मी तिला काका वाटलो. बोललो, तुमी लिहा, आमच्यात तसंच असतं.

कागद गेले. त्याला आता तीन महिने होत आले. काय कळत नाय. रात्री दोन-दोनदा उठून मेल बघतो. मागच्या आठवड्यात बँकेची जाहिरात आली, ती उघडून बघेपर्यंत माझी बस सुटली. गेटवर परवा एक ट्रेलर अडवला, सीलचा शेवटचा आकडा जुळत नव्हता, ड्रायव्हर बोलला साहेब घरी पोरगी आजारी आहे, सोडा. सोडला नाय, सोडता येत नाय, पण त्याला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि त्याच्या ऑफिसला स्वतः फोन लावला. पहिल्यांदाच असं केलं. तिकडं व्हिसाच्या ऑफिसात कुणी माझ्यासाठी एवढं करेल का, असं मनात येत होतं.

आणि आता दुसरी भीती आहे, ती सांगतो. व्हिसा नाय आला तर काय, ही एक. आला तर काय, ही दुसरी, आणि ती जास्त मोठी व्हायला लागलीय. आईला बीपी आहे. मी गेलो तर दोन खोल्यांत ती एकटी. मी बोललो तुला मागून नेईन, तर म्हणते मी कुठं येऊ, मला तिथं कोण ओळखतंय. पण ती सुमनमावशींच्या नातीकडून व्हिडिओ कॉल लावायला शिकलीय. मला न सांगता शिकली. मागच्या रविवारी तिनं स्वतःच शीतलला लावला आणि म्हणाली, ती टपालाची पेटी दाव बघू. शीतल बिचारी तीन जिने उतरून गेली, आणि मी आईच्या खांद्यावरून बघत होतो. नाव होतं. उन्हानं जरा फिकट झालंय, पण होतं. आईनं फोन जवळ नेला आणि बोट लावून बघितलं.

आता आठवड्यापूर्वी परत आखाड लागला, लग्नानंतरचा तिसरा. परवा जेवताना मी मुद्दाम विषय काढला. आई, आखाडात कागद आला तर कसं करायचं, या महिन्यात निघायचं नसतं, श्रावण लागल्यावर जाईन ना. मला वाटलं ती हो म्हणेल. खरं सांगतो ताई, मलाच पायजे होतं तिनं हो म्हणावं, तेवढाच एक महिना. तिनं हातातली भाकरी ताटात ठेवली आणि बोलली, ज्या दिवशी कागद येईल त्याच्या दुसऱ्या दिवशी निघायचं. एक आखाड पाळला मी. आता न्हाय पाळायची.

ती ताटं घेऊन मोरीत गेली, पाणी सोडलं, आणि माझ्याकडं पाठ करूनच बोलली, पण निघताना माझ्याकडं नीट बघून जा.

तेव्हापासून मी रोज बघतो, ताई. कामावर निघताना दारात थांबतो, बघतो, मंग जिना उतरतो.